वरून आलेली गोळी

"एकदा तोंड बघू द्या त्येचं! माज्या हातनं गेलाय त्यो, मला बघू द्या की!"

बाहेर फणसाच्या झाडाखाली बसवलेला भरमू सकाळपासून हेच ओरडत होता. घसा पार बसला होता, शब्द फाटून येत होते, तरी थांबत नव्हता. आणि मी आत, शवविच्छेदनाच्या खोलीत, ज्याचं तोंड त्याला बघायचं होतं त्याच्या शेजारी हातमोजे चढवत उभा होतो.

कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला, बेळगावच्या हद्दीला लागून असलेल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी नुकता नेमणुकीवर आलो होतो. सत्तावीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं नव्हतं. मोठे डॉक्टर रजेवर गेलेले, त्यामुळे दवाखाना माझ्या एकट्याच्या जिवावर. प्रेत उघडायला मदतीला असायचा तो गंगारामही सासुरवाडीला गेला होता. दवाखान्याच्या मागं पत्र्याचं छप्पर असलेली ती खोली. एक दार, जाळी मारलेली एक खिडकी, मधोमध सिमेंटचा ओटा. एप्रिलचं ऊन पत्र्यावरून नुसतं ओतल्यासारखं खाली येत होतं. फिनेलचा वास नाकात जाऊन बसला होता.

दाराशी फौजदार शिर्के उभे होते. नाकाला रुमाल, टोपी काखेत.

"डॉक्टर, जरा लवकर आटपा. बाहेर भावकी जमलीय. लोक तापलेत."

शिर्क्यांशी माझं बरं होतं. त्या परमुलखात मला माणसासारखं वागवणारा तो पहिला माणूस. एका बाळंतिणीला कोल्हापूरला न्यायचं होतं, गाडी मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःची जीप पाठवली होती. कधी संध्याकाळी आम्ही त्यांच्या अंगणात कॅरम खेळायचो. त्यांच्या घरातल्या भिंतीवर वडिलार्जित बाराबोर बंदूक टांगलेली असायची. तिच्याविषयी ते भरभरून बोलत.

झालं होतं ते त्यांनीच मला सांगितलं. मोरझरी गावाच्या रानात रानडुकरांनी उसाचा नुसता चिखल केला होता. म्हणून गावातली माणसं पहाटे रान उठवायला गेली. हाकारे ओरडत पुढं सरकत होते. खाली ओढ्यात भरमू आपली ठासणीची बंदूक घेऊन दबा धरून बसलेला. झुडूप हललं, भरमूनं बार काढला, आणि झुडपातून डुकराऐवजी माणसाची किंकाळी आली. सटुप्पा हाकाऱ्यांच्या पुढं निघून आला होता. भरमूनंच त्याला पाठीवर घेऊन सडकेपर्यंत आणला. तोवर संपलं होतं.

"दोघांच्या घरांना एकच भिंत," शिर्के म्हणाले. "एका पंगतीला जेवणारी माणसं. वाईट झालं."

मी सटुप्पाला पालथा केला. चाळिशीचा, काटक अंगाचा माणूस. खांद्याच्या फऱ्याच्या आसपास पाच भोकं होती, एकमेकांपासून सुटी सुटी. कातडी भाजलेली नव्हती, दारूची काजळी नव्हती. म्हणजे बार लांबून आला होता. इथवर सगळं सांगितल्याप्रमाणंच होतं.

मग मी जखमेची दिशा बघायची सळई आत घातली, आणि ती खाली निघाली.

म्हणजे असं बघा, ओढ्यात बसलेल्या माणसानं वर चढावरच्या माणसावर बार काढला, तर जखम खालून वर चढत जायला हवी. ही फऱ्यातून शिरून कंबरेच्या दिशेनं उतरत होती. माणूस पाठ फिरवून वाकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. झुडपातून जाताना माणूस वाकतोच. पण वाकलेल्या माणसाचा हिशोब मनात करून पाहिला तरी ती जखम ओढ्याकडून येईना.

चिमट्यानं पहिला छर्रा काढला आणि ताटलीत टाकला. मोठ्या हरभऱ्याएवढा, गोल गरगरीत, शिशाचा. दुसरा काढला. तोही तसाच, जणू एकाच साच्यातला. तिसरा बरगडीवर आपटून एका अंगानं चेपला होता, पण जातकुळी तीच.

ठासणीच्या बंदुकीत तिकडची माणसं काय भरतात हे मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वीच एका शेतकऱ्याची पोटरी मी साफ केली होती. तिच्यातून खिळ्यांचे तुकडे, सळईची कातरलेली टोकं, बिडाच्या कढईचा ठिकरा असा सगळा भंगारबाजार निघाला होता. असा सारखा, घोटीव माल दुकानातल्या काडतुसातच मिळतो.

त्याच वेळी खिडकीतून भरमूचा आवाज आला. हवालदार त्याला गप्प करत होता आणि तो त्यालाच सांगत होता, "दोन बार झालं वं, हवालदार. माजा झाला, त्येच्यासंगट वरनं खडकावरनं सायबांचा झाला. सायबांच्या बारानं डुक्कर तिकडं पळालं... आन् माजा ह्येला लागला. माजाच कसा लागला वं?"

मी मान वर केली. शिर्के माझ्याकडंच बघत होते. मग त्यांनी ताटलीकडं पाहिलं. जवळ येऊन, वाकून पाहिलं. रुमाल नाकावरून कधी खाली आला, त्यांचं त्यांनाही कळलं नसावं.

ते मागं फिरले आणि दाराला आतून कडी घातली.

बाहेरचा गलका एकदम दूर गेल्यासारखा झाला. पत्रा तेवढा उन्हानं कडकड वाजत होता.

"काय आहे ते?" त्यांनी विचारलं.

"छर्रे."

"भरमूचे."

मी चेपलेला छर्रा चिमट्यानं उजेडाकडं धरला.

"भरमूचेच आहेत, डॉक्टर."

"त्याच्या बंदुकीत काय भरलं होतं?"

"त्या लोकांना काय, सापडेल ते भरतात."

"हे सापडेल ते नाही, साहेब. हे काडतूस आहे. आणि गोळी वरून खाली गेलीय."

शिर्के कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. आडदांड माणूस, पण त्या क्षणी अंगातली हाडं काढून घेतल्यासारखा दिसला. बराच वेळ त्यांनी कपाळ पुसलं.

"मी डुकरावर ओढला होता," ते हळू म्हणाले. "आईची शपथ घेऊन सांगतो. डुक्कर दिसलं होतं मला. काळं काहीतरी दिसलं. दोन्ही बार एकदम झाले. तो ओरडला तेव्हा मी मनात म्हटलं, देवा, माझी नसू दे. आणि भरमू तर आधीच बोंबलत सुटला, माझ्या हातनं झालं म्हणून. मी म्हटलं, असेल. त्याचीच असेल."

"मग आता सांगून टाका."

"कुणाला?"

तालुक्यात ज्याला सांगायचं तो माणूस माझ्यासमोर स्टुलावर बसला होता.

"पंचनाम्यात मी तिथं नाहीच," शिर्के म्हणाले. आता आवाज सावरला होता. "बंदीच्या काळात शिकारीला गेलेला फौजदार. नोकरी जाईल, आत जाईन. भरमूचं काय होणार? अपघात आहे. वर्ष-दोन वर्षं, कदाचित तेवढीही नाहीत. त्याच्या घराकडं मी बघीन. शब्द देतो."

"त्याला वाटतंय त्यानं मित्राला मारलं."

"त्याला तसं वाटतच आहे, डॉक्टर. आपण काही नव्यानं करत नाही."

शिर्के मनापासून बोलत होते. स्वतःला त्यांनी हे आधीच पटवून दिलेलं होतं, आता मला पटवत होते.

पत्र्यावर धाडकन दगड आला. मग दुसरा. बाहेर कुणीतरी ओरडलं, "मढं दाबून ठेवतासा काय रं? काडा भाईर!"

शिर्के उठले. दाराला पाठ लावून उभे राहिले. दाराएवढीच रुंद पाठ.

"हे सटुप्पाचे मेहुणे. सकाळपासून प्यालेले आहेत. मी बाहेर जाऊन एवढंच म्हटलं, की डॉक्टर प्रेत द्यायला तयार नाहीत, की हा पत्रा डोक्यावर राहायचा नाही. तुम्ही एकटे. तुम्हाला काही झालं तर पंचनामा करायलाही मलाच यावं लागेल."

धमकी देतानाही त्यांनी आवाज चढवला नाही. एखाद्याला पाऊस येईल म्हणून सांगावं तसं सांगितलं.

मी खिडकीकडं पाहिलं. जाळीला चार-पाच तोंडं चिकटलेली. लाल डोळे. त्यांच्या पलीकडं भरमू, हात दोरीनं बांधलेले, मान गुडघ्यात. मी नुसतं ओरडून सांगितलं असतं, 'भरमू, तू नाहीस!' तर? त्या गर्दीतल्या कुणाला ऐकू आलं असतं, कुणाला पटलं असतं? आणि पुढच्या घटकेला ताटलीतले छर्रे कुणाच्या हातात असते? शर्ट अंगाला चिकटला होता. घाम डोळ्यांत उतरत होता आणि हातमोज्यांमुळे पुसता येत नव्हता. ती खोली माझ्याभोवती घट्ट होत चालली होती.

"काय लिहू?" मी विचारलं.

शिर्क्यांनी डोळे मिटले, उघडले. "छर्रे म्हणू नका. धातूचे तुकडे, एवढंच. बाकी तुमच्या डॉक्टरकीचं काय असेल ते लिहा. त्यात मी पडत नाही."

मी लिहिलं. मग चिमटा बाजूला ठेवला, सुई-दोरा घेतला आणि सटुप्पाला शिवून टाकलं. छर्रे बाटलीत घातले. बुचावर लाख लावायला काडी पेटवली, तर शिर्क्यांनी बाटली हातातून काढून घेतली. "ते ठाण्यात लावतो मी," म्हणाले. अहवालातली ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली, मान डोलावली, आणि कडी काढली.

बाहेर आलो तर ऊन अंगावर धावून आलं. भरमूनं गुडघ्यांवर सरकत येऊन माझा पाय धरला.

"डाक्टर, लई दुकलं काय वं त्येला?"

शिर्क्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. "नाही," मी म्हणालो. "फार कळलं नसेल त्याला."

"न्हाई न्हवं?"

"नाही."

तो माझ्या पायावर डोकं ठेवून रडायला लागला. तेव्हाच विहिरीच्या कट्ट्याजवळ बसलेली सटुप्पाची बायको मला दिसली. नीलव्वा तिचं नाव. ती रडत नव्हती. उठून चालत आली, भरमूच्या अंगावर थुंकली, आणि परत जाऊन बसली.

संध्याकाळच्या आत सटुप्पाला मातीत ठेवलं. त्यांच्या भावकीत पुरायची रीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या पायरीवर एक शिपाई येऊन बसला. "सायबांनी धाडलंय. तुमच्या संरक्षणासाठी." मी दवाखान्यात गेलो की तो मागून यायचा, खानावळीत गेलो की बाहेर बिडी ओढत थांबायचा. कोल्हापूरला सिव्हिल सर्जनना फोन लावावा म्हणून मी एक्स्चेंजला नंबर दिला. लाईन लागलीच नाही, पण तासाभरात शिर्के चहाला आले. "काही हवं होतं का कोल्हापूरहून? मला सांगायचं की." पत्र टाकायला निघालो तर शिपाई अदबीनं म्हणाला, "द्या, मी टाकतो." मी ते परत खिशात घातलं.

एस.टी.त बसून सरळ निघून जावं, असंही मनात आलं. पण दवाखाना सोडून गेलो, तर नोकरी सोडून पळालेला डॉक्टर म्हणून माझ्या शब्दाला काय किंमत राहणार होती? आणि बाटलीत एव्हाना काय असेल, ह्याचीही मला कल्पना होती.

इकडं कंपाउंडर रोज नवी बातमी आणायचा. भरमू कोठडीत अन्नाला शिवत नाही. सटुप्पाच्या मेहुण्यांनी भरमूच्या दारातली मडकी फोडली. त्याच्या बायकोला, लक्ष्मीला, विहिरीवर पाणी भरू देईनात. मग एक दिवस, लक्ष्मी पोरं घेऊन माहेरी गेली. भरमूनं कोठडीत धोतराची पट्टी फाडली होती, पहाऱ्यावरच्या पोलिसानं वेळेवर पाहिलं, अशीही एक बातमी आली. ती ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही.

आठवडा उलटल्यावर एका सकाळी तहसीलदार देशमाने रक्तदाब तपासून घ्यायला आले. वयस्कर, कडक, कुणाच्या फारसं अध्यात-मध्यात नसलेला माणूस. शिपाई दाराबाहेर होता. मी त्यांना तपासणीच्या टेबलावर झोपवलं, हिरवा पडदा ओढला आणि दंडाला पट्टा बांधला.

"मोठा श्वास घ्या, साहेब." मग आवाज अगदी उतरवून मी म्हणालो, "मोरझरीच्या सटुप्पाला भरमूनं मारलेलं नाही. सोडा श्वास."

देशमान्यांनी श्वास सोडलाच नाही. डोळे विस्फारून माझ्याकडं बघत राहिले.

"परत घ्या," मी मोठ्यानं म्हणालो, आणि हवा भरता भरता सगळं सांगितलं. खडक, बाराबोर, वरून खाली गेलेली जखम, आतून लावलेली कडी. बाहेर शिपाई खाकरला. मी पट्ट्यातली हवा सोडली. फुस्स असा आवाज झाला.

"रक्तदाब किती आहे?" देशमान्यांनी मोठ्यानं विचारलं.

"वाढलाय."

"वाढणारच." मग ते कुजबुजले, "तोंडी कोण ऐकणार? फौजदार आहे तो. पुरावा?"

"अहवाल मागवून वाचा. भोकं पाच लिहिली आहेत. काढलेले तुकडे तीन. आणि गोळी आरपार गेल्याची जखम एकही नाही, तेही लिहिलंय. फौजदारांनी फक्त ती धातूच्या तुकड्यांची ओळ वाचली."

"म्हणजे?"

"दोन छर्रे मी काढलेच नाहीत. एक मणक्यात रुतलाय, एक कंबरेजवळ आहे. मला हाताला लागत होता तो. काढून दिला असता, तर तोही त्या बाटलीत गेला असता."

देशमाने उठून बसले. सदऱ्याची बटणं लावली. "प्रेत उकरायचं म्हणताय तुम्ही."

"हो."

"गाव पेटेल, डॉक्टर."

"भरमू त्याआधी मरेल."

पडदा सारून बाहेर गेले आणि शिपायाला म्हणाले, "डॉक्टरांनी मला मीठ बंद केलंय."

पुढं दोन दिवस काहीच घडलं नाही. ते दोन दिवस मला त्या पत्र्याच्या खोलीपेक्षा जड गेले. देशमान्यांनी शिर्क्यांना सांगून टाकलं असेल, ह्या शंकेनं मी खानावळीतलं जेवणही धड गिळू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या आवारात कोल्हापूरच्या पाटीची गाडी उभी राहिली. सिव्हिल सर्जन, एक पोलीस उपअधीक्षक आणि मागच्या सीटवर देशमाने. त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. नुसतं म्हणाले, "चला, मोरझरीला जायचंय."

माळावर सगळं गाव गोळा झालं होतं. मेहुणे काठ्या घेऊन पुढं आले, पण कोल्हापूरच्या पोलिसांनी साखळी धरली होती. शिर्केही होते, त्यांना हजर राहायचा हुकूम होता. ते कुणाशी बोलत नव्हते. कुदळी चालू झाल्या आणि बायकांच्या घोळक्यातून नीलव्वा निघून सरळ माझ्यासमोर आली.

"आता आनि काय काडायचं ऱ्हायलंय त्येच्यातनं? एकदा फाडलासा ते पुरं न्हाई झालं?"

मी म्हणालो, "बाई, थोडा वेळ थांबा."

"थांबूनच हाय मी," ती म्हणाली आणि तिथंच मातीत बसली. सगळं होईस्तोवर उठली नाही. वास सुटला, गाव मागं सरकलं, तोंडाला पदर लागले. ती होती तिथंच होती.

सिव्हिल सर्जन आपल्या कामात मुरलेला माणूस. मी जागा दाखवली आणि बाजूला झालो. कंबरेजवळचा छर्रा लगेच निघाला. मणक्यातल्यासाठी हाड फोडावं लागलं. दोन्ही पाण्यानं धुऊन त्यांनी पांढऱ्या ताटलीत ठेवले. बाजूला शिर्क्यांनी लाख लावून दिलेली बाटली उघडली. तिच्यातून खिळ्यांचे आणि सळईचे तुकडे निघाले.

उपअधीक्षकांनी दोन्हींकडं पाहिलं. मग शिर्क्यांकडं.

मला वाटलं, आता ते वाद घालतील, माझ्यावर उलटतील. मीच घातले असतील म्हणतील. मी त्या तयारीनं उभा होतो. पण शिर्क्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि मटकन खाली बसले.

"माझी आहे," ते म्हणाले. "माझ्या बंदुकीची आहे. मला त्याच दिवशी कळलं होतं."

ते नीलव्वाला ऐकू गेलं. सगळ्यांनाच गेलं. मेहुण्यांच्या काठ्या खाली झाल्या.

नीलव्वा उठली आणि माझ्याकडं आली.

"तुमास्नी कवा कळलं?"

"त्याच दिवशी."

"त्याच दिवशी," ती म्हणाली. "मग इतके दिस मी त्येंच्या दारात जाऊन श्या घातल्या. लक्ष्मीच्या डोईवरची घागर माज्या भावानं काडून फोडली, म्या बघत हुते. ती पोरं घिऊन गेली तवा म्या दार लावून घेतलं." तिचा आवाज चढला नाही. "एकदा सांगायचं तरी हुतं, डाक्टर. कुनाच्या तरी हाती. मी कुनाला बोलले नसते."

शिपाई, एक्स्चेंज, बाटली, सगळं मला तिला सांगता आलं असतं. तेव्हा काही सांगावंसं वाटलं नाही. ती पदर खोचून सडकेकडं चालायला लागली. कुणीतरी विचारलं, कुठं निघालीस. म्हणाली, "लक्ष्मीच्या म्हायेरला."

शिर्क्यांना पुढं शिक्षा झाली. त्यांनी कोर्टात काही लपवलं नाही, असं ऐकलं. माझी महिन्याभरात दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. छर्रे मुद्दाम ठेवल्याबद्दल सिव्हिल सर्जननी मात्र मला चांगलं झापलं, आणि झापून झाल्यावर चहा पाजला.

पण मला सांगायचं आहे ते भरमू सुटला त्या दिवसाचं.

कोर्टाचा हुकूम झाला तेव्हा त्याला आणायला मी मुद्दाम गेलो होतो. तालुक्याच्या जेलच्या आवारात तो भिंतीला टेकून बसला होता. अंगातलं मांस गेलेलं, दाढी वाढलेली. बाहेर पडायला दार उघडं होतं आणि तो उठत नव्हता. मी त्याच्यासमोर बसलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. गोळी वरून आली, शिशाची होती, तुझ्या बंदुकीत शिसं नव्हतंच. साहेबानं स्वतः कबूल केलंय.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुमी लई चांगलं हायसा, डाक्टर. मला बरं वाटावं म्हणून सांगालायसा."

"अरे, खरं आहे हे. कोर्टानं सोडलंय तुला."

"कोर्टाला काय ठावं? घोडा म्या ओडला. म्या. बार झाला आन् त्यो वरडला." त्यानं आपला उजवा हात बघितला. "मला जायाचं न्हाई घरला. त्येच्या घराला माजी भित लागून हाय."

मी पुन्हा सांगायला लागलो. जखम, उतार, छर्रे. तो मान हलवत राहिला. लहान मुलाचं बोलणं ऐकावं तसं माझं ऐकत होता. माझ्याजवळचे सगळे पुरावे संपले आणि त्याच्यापर्यंत एकही पोचला नाही.

तेवढ्यात फाटकातून दोन बायका आल्या. पुढं लक्ष्मी, डोकीवर पाटी. मागून नीलव्वा. भरमूनं लक्ष्मीला पाहिलं, तिच्या मागं कोण आहे ते पाहिलं, आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. अंग आक्रसून घेतलं. मारायला उगारलेल्या हाताखाली माणूस बसतो, तसा बसला.

नीलव्वा त्याच्या पाठीमागं येऊन थांबली. मग खाली बसली.

"भावजी."

तो हलला नाही.

"भावजी, म्या त्या दिशी तुमच्यावर थुकले. ते म्या केलं. ते खरं हाय. बाकीचं खरं न्हाई."

त्याचे खांदे हलायला लागले.

"तुमी त्येला पाटीवर घिऊन आलासा. ओढ्यापास्नं सडकंपतुर. वाटंत काय बोलला काय त्यो?"

भिंतीकडं तोंड करूनच भरमू म्हणाला, "पानी मागितलं. म्या म्हनलं, सडकंवर देतो. आनि... तुजं नाव घेटलं."

"मला हे कुनी सांगितलंच न्हाई," नीलव्वा म्हणाली. "सांगनारा तुमीच हुतासा, आनि तुमाला ह्येंनी हितं आनून ठेवलं."

लक्ष्मीनं पाटी खाली ठेवली. भाकरी काढली, त्यावर पिठलं घातलं आणि नीलव्वाच्या हातात दिली. नीलव्वानं ती भरमूच्या पुढं धरली.

"हिकडं तोंड करा, भावजी. माज्याकडं बगितल्याबिगर कसं चालंल? शेजार हाय आपला."

तो कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. मग हळूहळू, भिंतीला हात टेकत, वळला.